साडेपाचचा चहा

दार लोटून सगुणाने उंबऱ्यात पाऊल टाकलं, आणि खांद्यावरची पर्स उतरायच्या आतच तिच्या नाकासमोर चहाचा कप आला. कपामागे हात, हातामागे तिचा नवरा लवू, आणि त्याच्या चेहऱ्यावर पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून दाखवायला आलेल्या पोरासारखं हसू. "दमलीस काय गो? घे. गरम आहे तोवर घे," तो म्हणाला. कप हातात घेऊन तिने आत पाहिलं. चहा काळपट तांबडा होता, वर डब्यातल्या गोड दुधाची तेलकट साय होती, आणि कप अर्धाच भरलेला होता. काल अर्धा होता, परवाही अर्धाच होता. सगुणाला त्या क्षणी नेमकं काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. दिवसभर शाळेत ती कुणावर ओरडली नव्हती. पोरांची माहिती भरायचं ते नवं ॲप दुपारभर नुसतं गोल गोल फिरत राहिलं, तरी नाही. खिचडीच्या पातेल्याचा फोटो तिरका आला म्हणून हेडमास्तरांनी तो परत काढायला लावला, खिचडी पोरांच्या पोटात गेल्यानंतर, तरीही नाही. पालकांच्या ग्रुपवर एकीने लिहिलं की मयेकर बाई पहिलीच्या मुलांना फार हळू शिकवतात, त्यावर तिघींनी अंगठे दिले, तेसुद्धा तिने मुकाट वाचलं होतं. आणि आता या अर्ध्या कपापुढे तिचा आवाज चढला.

"अर्धाच?" ती म्हणाली. "पाहुणीला पण कोणी अर्धा कप देत नाही."

"अगो, अर्धा कुठे…"

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं करायला? मी म्हटलं होतं?" पर्स तिने खुर्चीवर टाकली. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. "तुम्ही बोटीवरच बरे होतात."

लवूने कप तिच्या हातातून अलगद परत घेतला, बेसिनपाशी नेऊन ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेला. जाताना दार त्याने हळू ओढून घेतलं, वाऱ्याने आपटू नये म्हणून. त्या हळूपणानेच तिला जास्त लागलं. कारण सकाळीच, ती डबा भरत असताना, मुंबईहून एजंटचा फोन आला होता. कांडल्याहून बोट सुटणार आहे, सारंगाची, खलाशांच्या मुकादमाची, जागा रिकामी आहे, एक शेवटचं काँट्रॅक्ट करा, मयेकर, तुमच्यासारखा माणूस मिळत नाही. लवूने डोकं खाजवत "उद्या सांगतो" म्हटलं होतं आणि तिच्याकडे पाहिलं होतं. ती पोळ्या फडक्यात गुंडाळत राहिली होती. आता त्याला उत्तर मिळालं होतं. तिने दिलं होतं, उंबऱ्यात उभी राहून, पायसुद्धा न धुता.

तिने पाय धुतले. तोंडावर पाणी मारलं. स्वयंपाकघरात आली तेव्हा घरात कोणी नव्हतं, आणि तिला हवं होतं ते हेच होतं, गेले कित्येक दिवस हेच. साडेपाच ते सहा. मुरुगवाड्यातल्या या घरात ही अर्ध्या तासाची खोली तिने स्वतःसाठी बांधली होती, भिंती नसलेली. सानिका लहान असताना बांधली. सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या, लवू कुठल्यातरी समुद्रावर होता, आणि शाळेतून आलं की घर तिच्या अंगावर यायचं. सासूबाईंची हाक, सानिकाचं रडं, टाकीतलं संपलेलं पाणी, सगळं एकदम. एक दिवस ती स्वयंपाकघरात शिरली, दार लोटून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर हाका चालूच होत्या. तिने ओ दिली, "आले, पाणी उकळतंय," आणि पाणी उकळेपर्यंत नुसती उभी राहिली. तेव्हा तिला कळलं की आधणापाशी उभ्या असलेल्या बाईला कोणी काही म्हणत नाही. ती कामातच असते. पुढे सासूबाई गेल्या, सानिका पुण्याला नोकरीला गेली, हाका थांबल्या, पण ती उभं राहायची सवय राहिली. आता ती कोणाला चुकवायला उभी राहत नव्हती. शाळेतून आणलेली कुरकुर अंगावरून उतरवायला उभी राहायची.

पातेलं तिचं ठरलेलं, पितळेचं नव्हे, स्टीलचं, बुडाला थोडं चेपलेलं. पाणी ज्या कपाने प्यायचं त्याच कपाने मोजायचं आणि वर दोन घोट जास्त, ते वाफेचे. साखर आधी. मागच्या दारी गवती चहाचं बेट होतं. एक पात खुडायची, तिची गाठ मारायची आणि पाण्यात सोडायची. आलं किसायचं नाही, बत्त्याने एकदाच ठेचायचं. किसलं की ते चहावर बसतं, ठेचलं की चहाच्या आत राहतं. दुसऱ्या शेगडीवर दूध वेगळं तापत ठेवायचं, उतू जाण्याच्या अलीकडे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की गॅस बंद करायचा आणि मगच पावडर घालायची, आणि वर ताटली झाकायची. इथवर सगळे येतात. पुढचं कोणाला जमत नाही. पुढे काही करायचं नसतं. ताटलीवर हाताचा तळवा ठेवून थांबायचं. खाली पावडर आपलीआपण सुटत असते, रंग धरत असते, तिला ढवळायचं नाही, झाकण उचलून बघायचं नाही. पहिलीच्या वर्गातसुद्धा हेच असतं. नवं अक्षर दाखवून झालं की मुलाच्या पाटीकडे बघायचं नाही. खिडकीकडे बघायचं. तो कपाळाला आठ्या घालतो, पुसतो, पुन्हा काढतो, जीभ बाहेर येते, आणि अक्षर त्याच्यात उतरतं. आपण मधेच वाकून "असं नाही रे" म्हटलं की ते आपलं अक्षर होतं, त्याचं होत नाही. फार हळू शिकवतात म्हणे. तिला हसू आलं. दुपारी वाचलं तेव्हा ते वाक्य काट्यासारखं रुतलं होतं. आता, ताटलीखालची ऊब तळव्याला लागत असताना, ते खरंच असल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटेनासं झालं. तिचा राग नेहमी असाच जायचा. तिने घालवलेला नसायचा.

मागच्या खिडकीतून चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीचा गडगा दिसत होता, गडग्यापलीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्यामधून समुद्राची राखाडी पट्टी. गडग्यावर लवू बसला होता, घराकडे पाठ करून. मनात ती त्याला एकेरीतच हाक मारायची, अगदी लग्नापासून, तोंडाने "अहो". त्याची पाठ तिने एवढा वेळ बघितल्याचं तिला आठवेना. रजेवर यायचा तेव्हा तो सगळा समोरूनच असायचा. गणपती यावेत तसा यायचा. आधी घर झाडून पुसून लख्ख, मग बॅगा, चॉकलेटं, परदेशी साबणाचा वास, पूर्णगडहून त्याचे भाऊ, शेजारपाजारचे, रोज माशाचं जेवण, सानिका त्याच्या खांद्यावर. आणि मग एक दिवस रिकामा पाट. गेला की घरात दोन दिवस सुन्न शांतता असायची आणि तिसऱ्या दिवशी, हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, मोकळं वाटायचं. त्या मोकळेपणाची तिला लाज वाटायची. पत्रातून, मग फोनवरून, मग व्हिडिओवरून ती त्याच्याशी बोलायची ते मनापासून बोलायची, पण बोलणं संपलं की पातेलं ठेवायची, एका कपाचं. आता या गणपतीला तो आला तो परत न जाण्यासाठी आला. पहिला महिना रजेसारखाच गेला. मग दिवाळी झाली, पाहुणे संपले, आणि माणूस उरला. पहाटे उठून तो घराचे सगळे नळ तपासायचा. बिजागऱ्यांना तेल घालायचा. गेटला दोनदा रंग दिला. दोऱ्या दिसतील तिथे गाठी मारून ठेवल्या, अशा की तिला कपड्यांची दोरी सोडायला सुरी घ्यावी लागली. शेजारची काशीताई म्हणालीसुद्धा, "सगुणा, तुझा नवरा घर बोटीसारखं हाकारून नेतोय की काय मुंबईस?" सगळं करून झालं आणि मग त्याला चहा सापडला.

दूध वर आलं. तिने गॅस बंद केला, ताटली उचलली. वाफ चेहऱ्यावर घेतली. गवती चहाचा तो हिरवा, किंचित लिंबासारखा वास, त्याखाली आल्याचा. गाळणीतून चहा कपात उतरला, वर दुधाची धार, आणि रंग जसा हवा तसा आला. कप काठोकाठ भरला. उभ्यानेच तिने पहिला घोट घेतला, मग दुसरा. चहा चांगला झाला होता. भांडण झालं म्हणून तो बिघडावा असं काही चहाला वाटलं नव्हतं. ती तो सावकाश, शेवटपर्यंत प्यायली. राग केव्हाच निवला होता, ॲप गेलं, हेडमास्तर गेले, आणि सगळं निवळल्यावर तळाशी एकच वाक्य राहिलं. बोटीवरच बरे होतात. ते खरं होतं का? तिने ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं, मुलाने आणलेल्या उत्तरासारखं. निम्मं बरोबर होतं. तो नसतानाचं घर तिला येत होतं, पाठ होतं. असतानाचं कधी कोणी शिकवलंच नव्हतं. त्यालाही नव्हतं. पण येत नाही म्हणून धडाच गाळायचा?

बेसिनपाशी त्याचा कप तसाच होता. आतला चहा ओतायला तिने तो उचलला आणि तिच्या लक्षात आलं की कप अर्धा म्हणजे अगदी अर्धा होता, कोणी पट्टीने रेघ मारावी तसा. घाईत कमी ओतलेला असा नव्हता. काटकसर म्हणून, असाही नव्हता. तिने तो ओतला नाही. तशीच मागच्या दाराने बाहेर गेली.

तो वळला नाही. पायांचा आवाज ओळखून सरकला मात्र, तिला जागा करून. गडगा दिवसभर तापलेला, अजून उबदार होता. ती बसली.

"अहो, एक विचारू? खरं सांगा. कप अर्धाच का भरता?"

लवूने आता तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "तेच मघाशी सांगत होतो. अर्धा नाय भरत मी. भरलेलाच असतो."

"हा भरलेला?" तिने कप त्याच्यापुढे धरला.

त्याने आत बघितलं, मग तिच्याकडे, पुन्हा आत. "मग? याच्यावर भरला तर सांडेल ना."

"कुठे सांडेल? घर हलतंय का?"

त्याने पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. मग त्याच्या पोटातून हसू आलं, आधी नाकातून, मग मोठ्याने. "आयला," तो म्हणाला. "आयला, खरंच की गो. घर हलत नाय." हसता हसता त्याने डोळे पुसले. "खालच्या गॅलीतून, रांधायच्या खोलीतून, वर सुकाणूच्या ब्रिजवर चाय न्यायची म्हणजे तीन शिड्या. एक हात शिडीला, एका हातात चायचा मग. नवा पोरगा आला की भरून आणायचा, वर येईस्तोवर निम्मी त्याच्या शर्टावर. मी शिव्या द्यायचो. मग शिकायचा, एवढीच ओतायची. एवढी म्हणजे फुल्ल. मला वाटलं… मला काय वाटलं म्हणजे? मी बघितलंच नाय कधी."

"आणि दारातच का देता? माणसाला बसू तरी द्यावं."

"आमच्यात वॉचची पाळी संपवून माणूस खाली उतरला ना, की पहिल्या पावलाला त्याच्या हातात गरम काहीतरी पाहिजे. चार तास वाऱ्यात उभा असतो तो. त्याला विचारायचं नाय, दमला काय, काय झालं. नुसता चायचा मग द्यायचा. तू त्या गेटातून येतेस ना, तशीच येतेस. वॉच संपवल्यासारखी."

सुरूच्या झाडांमधून वारा येत होता. सगुणा इतकी वर्षं त्या गेटातून येत होती आणि ती कशी येते हे बघणारं कोणी दारात नव्हतं, म्हणून आपण कशा येतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. आलं ते स्पष्ट बोलायचं बळ, वर्गात असतं तसं.

"ऐका. मला चहा आयता नको असतो. तो करायचा असतो मला. साडेपाच ते सहा स्वयंपाकघरात मला कोणी नको. तुम्ही नको, सानिका आली तर ती नको, देव आला तरी त्याने ओटीवर बसावं. तुमच्यावर राग नाही. पण तो वेळ माझा आहे, आणि तो गेला तर मी माणसांवर ओरडते. आज ओरडले तशी."

"म्हणजे तो वॉच तुझा."

"माझा."

त्याने मान हलवली. ही भाषा त्याला कळत होती. "मग माझा कुठला?"

हे तिने ठरवलेलं नव्हतं. "सकाळचा," ती म्हणाली. "मला उठून आधण ठेवायचा कंटाळा येतो. कायमच येत होता."

"बरं." तो गडग्याच्या चिऱ्यावर नखाने काहीतरी कोरायला लागला. "त्या एजंटला उद्या सांगायचंय."

"जायचंय तुम्हाला?"

"जायचं नाय गो. गुडघे नाय राहिले शिड्यांचे. पण तिथे सकाळी उठलो की काय करायचं ते समजतं. इथे मी सगळ्यांच्या मधे मधे येतो. तुझ्या मधे येतो. तू बोल्लीस ते काय खोटं नाय."

"निम्मं खोटं होतं," सगुणा म्हणाली. नका जाऊ, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. उत्तर सांगून टाकायची तिला सवय नव्हती. आपण मधेच वाकलो तर ते आपलं उत्तर होईल, आणि हा माणूस पुढची सगळी वर्षं आपल्या उत्तरात राहील, भाड्याच्या खोलीत राहावं तसा. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही काय सांगाल ते सांगा. पण मघाशी मी बोलले म्हणून जाऊ नका."

सकाळी त्याने तिला चहा आणून दिला. काळा, गोड, डब्यातल्या दुधाचा, आणि काठोकाठ भरलेला. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत तो कपावरची नजर न काढता, पाय फाकवून एक एक पाऊल टाकत आला, आणि तरी निम्मा बशीत सांडला. ती बशीतला आधी प्यायली. फोनचं त्याने काढलं नाही, तिनेही नाही. शाळेत मात्र दिवसभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सानवी नावाची तिच्या वर्गातली एक मुलगी विचारून गेली, "बाई, तुम्ही आज आमच्याकडे न बघता का बघताय?" मधल्या सुट्टीत तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा पर्समध्ये टाकला. हो म्हणाला असला तर? मेडिकलसाठी लगेच मुंबईला जावं लागतं. मग पुन्हा रिकामा पाट, सुन्न शांतता, आणि तिसऱ्या दिवशी मोकळं वाटणं. तिने त्या मोकळेपणाची वाट बघून पाहिली, आत कुठे आहे का ते चाचपून पाहिलं. तो होता. पण तो आता एखाद्या जुन्या साडीसारखा वाटला. चांगली होती, खूप वापरली.

संध्याकाळी गेट उघडलं तर दारात कोणी नव्हतं. कप नव्हता, हसू नव्हतं. खुंटीला त्याची पिशवी नव्हती. घर अगदी तिला हवं होतं तसं गप्प होतं. पाय धुऊन ती स्वयंपाकघरात आली, आधण ठेवलं, आणि खिडकीपाशी गेली. तो गडग्यावर होता. पिशवी शेजारी, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. घराकडे पाठ, ताठ, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा, वळूनसुद्धा बघत नव्हता. वेळ तिचा होता, म्हणून.

तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही. त्याने वेळ पाळली होती, तर तिनेही पाळायला हवी होती. पात खुडायला ती मागच्या दारी गेली तेव्हा तो दोन हातांवर होता, आणि ती काही न बोलता पात घेऊन आत आली. आलं ठेचलं. उकळी, पावडर, ताटली. तळवा ठेवून ती थांबली, आणि थांबता थांबता तिला जाणवलं की अर्धा तास अख्खा आहे. कुठे फुटलेला नाही. खिडकीत एक पाठ आहे, एवढंच. तिने चहा गाळला, भरला आणि प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत, घाई न करता. कप विसळून पालथा घातला. मग बाहेर गेली.

"फोन केलात?"

"सकाळीच. तू गेट लावलंस आणि केला."

"मग?"

"सांगितलं, दुसरा सारंग बघ." तो अजून समुद्राकडेच बघत होता. "तो बोल्ला, मयेकर, घरी बसून काय करणार? मी बोल्लो, वॉच मिळालाय. सकाळचा." मग किंचित वळला. "तुझा संपला?"

"संपला."

"मग मी आत जाऊ? ते ताटली झाकायचं कसं ते करून बघतो. काल सकाळचा बरोबर नाय झाला ना?"

"आजचा," ती म्हणाली. "आज सकाळचा. नाही झाला."

"तोंडावर सांगतेस!" तो उठला, मेथीची पिशवी उचलली. "पाणी उकळलं की गॅस बंद. मग पावडर. मग झाकण. मागे कधीतरी खिडकीतून बघितलंय मी. मग किती वेळ?"

"तुम्हाला कळेल."

तो आत गेला. सगुणा गडग्यावर एकटी बसली, आणि तिला आठवेना की या वेळी आपण घराबाहेर कधी बसलो होतो. सुरूंच्या पलीकडे पाणी सोनेरी होत चाललं होतं; पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याच्या बाजूला कोणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. आतून आवाज येत होते. भांडं चुकीचं काढल्याचा आवाज. लायटर तीनदा. नळ. मग बत्ता, एकदा नव्हे, चांगला पाचसहा वेळा, जसा काही गंज काढायचाय. तिने ओठ मिटून घेतले. मग शांतता झाली, आधणाची, आणि तिच्या नाकाशी आल्याचा जहाल वास आला. ताटली वाजली: झाकली. आता थांबायचं. सगुणाने नकळत तळवा शेजारच्या चिऱ्यावर टेकवला. आत लवू थांबला असेल, ताटलीकडे बघत, हात बांधून.

ताटली पुन्हा वाजली. फार लवकर. एवढ्यात रंगसुद्धा सुटला नसेल.

"सगुणा!" आतून हाक आली. "झाला असेल काय गो?"

तिने तोंड उघडलं. मग समुद्राकडे बघत राहिली.

"तुम्ही बघा," ती म्हणाली.